बेनिल्दाचा शेपटा

प्रांताच्या कचेरीतून निघणाऱ्या जाडजूड ग्रंथात तिगबायोगला चार पानं मिळणार अशी बातमी आली, आणि त्या दिवसापासून बेनिल्दा गाबासाच्या पोटात दुखायला लागलं. दोन पानं गावच्या नामवंतांची, दोन पानं जुन्या पवित्र मूर्तींची. नामवंतांत कोण येणार हे उघडच होतं. न्यायाधीश गेनोदेपा, डॉक्टर गेनोदेपा आणि ती अम्पारो गेनोदेपा, जी तरुणपणी शहराच्या उत्सवात सौंदर्याची राणी झाली आणि पुढे मरेपर्यंत तेवढंच सांगत राहिली. गावात सगळ्यांचीच आडनावं ‘ग’पासून सुरू होत. स्पॅनिश राज्यात कुणा साहेबाने आडनावांची यादी फाडून गावोगाव वाटली, तेव्हा तिगबायोगच्या वाट्याला तेवढंच अक्षर आलं. पण बेनिल्दाला वाटायचं, त्या फाडाफाडीतही चांगला तुकडा गेनोदेपांनीच आधी उचलला असणार.

मूर्तींच्या दोन पानांपैकी एक अख्खं पान शोकमातेला जाणार होतं, फोटोसकट. शोकमाता म्हणजे मुलाच्या मरणाने कोसळलेली येशूची आई. तिचा चेहरा आणि दोन हात हस्तिदंताचे, दोनशे वर्षांपूर्वीचे. बाकी अंग म्हणजे झग्याखाली लाकडाचा सांगाडा. मूर्ती चर्चची नव्हती, गेनोदेपांच्या घरची होती. त्यांनीच ती सांभाळायची, सजवायची आणि गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत सगळ्यांत शेवटी, बँडच्या पुढे, दिव्यांनी लखलखलेल्या गाड्यावरून न्यायची. गाव वाट बघायचं ती हिचीच. आधीचे संत आपले येतात आणि जातात.

आणि त्या शोकमातेच्या डोक्यावर बेनिल्दाचे केस होते.

ती अठरा वर्षांची असताना तिच्या बापाची होडी वादळात नऊ दिवस बेपत्ता झाली. बेनिल्दाने नवस केला, बाप परत आला तर केस शोकमातेला देईन. दहाव्या दिवशी बाप किनाऱ्याला लागला, आणि बेनिल्दाने गुडघ्यापर्यंत आलेला शेपटा मानेपाशी कापून बिस्किटांच्या डब्यात घातला आणि गेनोदेपांच्या घरी नेऊन दिला. त्या वेळची मालकीण, दोन्या म्हणजे बाईसाहेब पिलार, हिने तो दोन्ही हातांनी घेतला. पुढच्या रविवारी चर्चमध्ये बेनिल्दाच्या नावाचा उल्लेखही झाला. पण दोन्या पिलार गेली, अम्पारोचं नाव वाढत गेलं, आणि हळूहळू गाव म्हणायला लागलं की शोकमातेचे केस म्हणजे अम्पारोचे. असं आधी कोण म्हणालं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बेनिल्दाला मात्र सांगता आलं असतं. दोन्या पिलारची मुलगी, लियोनोर.

दर वर्षी पवित्र आठवड्याच्या सुरुवातीला लियोनोर शोकमातेला सजवायची. ते काम बंद दाराआड चालतं. देवाच्या आईला उघड्या डोक्याने कुणी पाहायचं नाही, पुरुषांनी तर नाहीच. बायका बाहेर दिवाणखान्यात बसून जपमाळ ओढायच्या. शेवटी दार किलकिलं व्हायचं आणि मूर्तीचा चेहरा पुसलेला अत्तराचा कापूस त्यांना वाटला जायचा. बेनिल्दाही तो कापूस घ्यायची आणि घरी येऊन कपाटात फेकायची. आत लियोनोर आपले केस विंचरते आहे, ह्या विचाराने तिला जेवण जायचं नाही. एकेचाळीस वर्षांत एकदाही लियोनोरने म्हटलं नाही, की ये बेनिल्दा, आत ये, कंगवा घे.

मग जेवण जाईना म्हणून ती सिक्स्ताकडे जायची. सिक्स्ता सुक्या मासळीचा धंदा करणारी विधवा. तिच्या घरी मग्दालेनाची मूर्ती होती, पापी म्हणून ओळखली गेलेली आणि मोकळ्या केसांनी येशूच्या पायाशी बसलेली ती मग्दालेना. अलीकडची, गावच्या सुताराने कोरलेली, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. सिक्स्ताची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, त्यामुळे मग्दालेनाला विंचरायचं काम गेली वीस वर्षं बेनिल्दाकडे होतं. ती ते करायची, पण दात खात. सिक्स्ता केसांना खोबरेल आणि काजळी फासून ठेवायची, त्याने हात बरबटायचे. “गुंता नुसता!” बेनिल्दा म्हणायची. “झाडूला कंगवा लावल्यासारखं.”

“नांग बेनिल्दा, झाडूला तरी प्रेमाने धर,” सिक्स्ता म्हणायची. नांग म्हणजे ताई.

यंदा ग्रंथासाठी शहरातून क्लारिबेल नावाची तरुण बाई आली. हातात पांढरे सुती मोजे, गळ्यात मोजपट्टी. पवित्र सोमवारी लियोनोरने तिला घरी बोलावलं आणि नेहमीच्या बायकांनाही. दाट चॉकलेट होतं आणि सोबत शहरातून मागवलेली बिस्किटं. बेनिल्दाच्या भट्टीतला बिस्कोचो, म्हणजे गोड टोस्ट, पंचक्रोशीत विकला जातो, पण लियोनोरच्या बशीत तो आजवर दिसलेला नव्हता. बेनिल्दाने एक बिस्किट घेतलं. मऊ पडलं होतं. तेवढंच जरा बरं वाटलं.

“आणि केस?” क्लारिबेलने वहीतून मान वर न करता विचारलं. “खरे आहेत असं ऐकलं.”

“खरेच तर. आमच्या आत्याचे, अम्पारोचे,” लियोनोर म्हणाली.

बेनिल्दाचा कप बशीवर आपटला. “अम्पारोने केस कापले कधी? मेली तेव्हा अंबाडा होता डोक्यावर. शवपेटीशी मी उभी होते.”

“अगं, अंबाडा काय, विकतही मिळतो,” औषधाच्या दुकानाची मालकीण म्हणाली आणि बायका हसल्या.

“ते केस माझे आहेत.” आवाज एवढा मोठा निघेल असं बेनिल्दाला स्वतःलाही वाटलं नव्हतं. “इंदाय, पोरी, तू शहरातून आलीस, तुला ठाऊक नसेल. नवसाचे आहेत. चर्चमध्ये नाव घेतलं होतं माझं. तुझ्या पुस्तकात माझंच नाव आलं पाहिजे.”

क्लारिबेलने पेन थांबवलं. तिने एकदा ह्या बाईकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे. “मी आत जाऊन पाहू का? केस पाहून निदान वय तरी सांगता येईल.”

“आत घरच्याखेरीज कुणी जात नाही,” लियोनोर म्हणाली. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. ती उठली, दोन पावलं चालली, थांबली. मग मागे न बघता म्हणाली, “बेनिल्दा. तू ये.”

बायकांनी कप खाली ठेवले.

दार आतून बंद झालं. खोलीत सांपागिताच्या फुलांचा आणि जुन्या मखमलीचा वास होता. शोकमाता खिडकीपाशी उभी होती, काळा घुंघट कपाळापर्यंत ओढलेला. त्या घुंघटाखालून दोन बोटं केसांची पट्टी दिसायची. गाव एकेचाळीस वर्षं तेवढीच पट्टी बघत आलं होतं. बेनिल्दाचा हात आपोआप पुढे गेला.

“थांब,” लियोनोर म्हणाली. “मी काढते.”

तिने टाचण्या एकेक काढून तोंडात धरल्या आणि घुंघट मागे सारला. बेनिल्दा बघतच राहिली. डोक्यावर केस नव्हतेच. आबाकाचा वाख होता, ज्याचे जहाजाचे दोर वळतात तो, काळा रंगवून टाळूवर चिकटवलेला. मागच्या बाजूला रंग उडून मूळचा पिवळा दिसत होता.

“माझे केस कुठे आहेत?”

लियोनोरने टाचण्या तोंडातून काढून हातात घेतल्या. “शाळेत आपण एका बाकावर बसायचो. सिस्टर दर सोमवारी तुझी वेणी उचलून वर्गाला दाखवायच्या. आणि माझ्या वेणीला उंदराची शेपटी म्हणायच्या. आठवतं?”

बेनिल्दाला नाही आठवलं. तिला त्या बाकाखालचे लियोनोरचे बूट आठवत होते. चकचकीत, चंदेरी बकलाचे. ती स्वतः अनवाणी असायची, आणि तास संपेपर्यंत त्या बुटांकडे बघत बसायची.

“तू डबा घेऊन आलीस,” लियोनोर बोलत होती, “आणि आई मला म्हणाली, हे टोपाला लावून आण, आता दर वर्षी हे केस तू विंचरायचे. मी म्हटलं, मेले तरी विंचरणार नाही. वर्गात पाहिले तेवढे पुरे झाले. आता देवाच्या आईच्या डोक्यावरही हिचेच? डबा मी सिक्स्ताच्या सासूला देऊन टाकला. त्यांच्या मग्दालेनाचे केस त्या वर्षी झुरळांनी खाल्ले होते.”

“मग्दालेनाला!”

“आईला कळलं तेव्हा तिने मला थोबाडीत मारली. दुसरे केस मागायचे तर गावाला कारण सांगायला लागलं असतं. मग तिनेच वाख आणून दिला आणि म्हणाली, आता आयुष्यभर दार लावून घे.”

“आणि हे पुढचे?” बेनिल्दाने कपाळावरच्या पट्टीला बोट लावलं. ते खरे केस होते. बारीक, विरळ, मधूनमधून पांढरे.

“माझे. कंगव्यात येतात ते साठवते.” लियोनोरने मान फिरवली. “वर्षभराचे तेवढेच होतात.”

बाहेर कुणीतरी खोकलं. बेनिल्दा त्या पिवळ्या पडलेल्या वाखाकडे बघत उभी होती. एकेचाळीस वर्षं ती ह्या दारावर जळत आली होती, आणि दारामागे हे होतं. दोराचा एक झुबका. रागही येईना. आपली एखादी वस्तू चोरीला गेली म्हणून आयुष्यभर बोंब मारावी आणि चोराच्या घरात भाकरीही नसावी, तसं काहीसं झालं.

“मी बाहेर जाऊन सांगते,” लियोनोर हळूच म्हणाली. “केस तुझेच आहेत, माझी चूक झाली, असं सांगते. अख्ख्या पानावर तुझं नाव येईल. फोटोच्या खाली. फक्त हे बोलू नकोस.”

बेनिल्दाला हवं होतं तेच समोर आलं होतं, ताटात वाढून. पण वाढणारी लियोनोर होती.

“उद्या सांगते,” ती म्हणाली, आणि दिवाणखान्यातून कुणाकडे न बघता निघून गेली.

मंगळवारी सकाळी ती सिक्स्ताच्या घरी गेली, तेव्हा सिक्स्ता अंगणात बादली ओतत होती. शहरातली बाई येणार म्हणून तिने मग्दालेनाचे केस यंदा शिकेकाईसारख्या गोगोच्या सालीच्या पाण्याने खसखसून धुतले होते. मूर्ती उन्हात ठेवली होती. वर्षांची काजळी निघून गेलेली, आणि केस कमरेखालपर्यंत मोकळे सुटलेले, जराशा लाटा असलेले. डाव्या कानामागून एक तांबूस बट थेट टोकापर्यंत गेली होती.

ती बट बेनिल्दाची आई तेल लावताना नेहमी वेगळी काढायची. म्हणायची, ही तुझ्या बापाकडून आली, समुद्राने रंगवलेली.

“बघतेस काय अशी? भूत पाहिल्यासारखी,” सिक्स्ता म्हणाली. “धर कंगवा. आज तुझा झाडू चांगला दिसतोय की नाही?”

बेनिल्दाने कंगवा घेतला. केसांना हात लावला आणि काढून घेतला. पुन्हा लावला. वीस वर्षं तिने हे केस ओढले होते, त्यांना शिव्या घातल्या होत्या, आणि त्या वेळी मन होतं गेनोदेपांच्या बंद खोलीत. तिने टोकाकडून सुरुवात केली, हळूहळू, जसं लहानपणी आई करायची.

“आज काय झालंय तुला?” सिक्स्ता म्हणाली. “शिव्या नाहीत, काही नाही. ताप आहे का?”

तेवढ्यात क्लारिबेल कुंपणाशी आली. आल्याआल्या हसून म्हणाली, “नांग बेनिल्दा, अभिनंदन. दोन्या लियोनोरनी सकाळीच निरोप पाठवला. शोकमातेच्या पानावर केसांसाठी तुमचं नाव लिहायला सांगितलंय. मी लिहिलंसुद्धा.”

लियोनोरने उत्तराची वाट पाहिली नव्हती. आधी घेताना विचारलं नाही, आता देतानाही विचारलं नाही. पण बेनिल्दाने स्वतःशी ‘फोटोच्या खाली’ असं म्हणूनही पाहिलं, आणि ते गोड लागलं. तिने कंगवा मांडीवर ठेवला.

क्लारिबेलने मोजपट्टी काढली. उंची, रुंदी, लाकूड कोणतं. “ही मूर्ती फार जुनी नाही, त्यामुळे शेवटच्या यादीत जाईल. एक ओळ, बारीक अक्षरात. फोटो नाही.”

“एक ओळ तर एक ओळ,” सिक्स्ता म्हणाली. “माझं नावसुद्धा एकाच ओळीत मावतं.”

“केस मात्र सुंदर आहेत. शोकमातेचे मला पाहता आले नाहीत, पण ह्यांच्यापुढे ते काय असतील! कुणाचे?”

“कोण जाणे! बिस्किटांच्या डब्यातून आले एवढं ठाऊक आहे.” सिक्स्ताने खांदे उडवले. “लिहा माझ्या सासूचे. म्हातारी वर बसून खूश होईल.”

क्लारिबेलने पेन टेकवलं.

“सासूचे?” बेनिल्दा ओरडली. मांडीवरचा कंगवा खाली पडला. “तुझ्या सासूला केस होते तरी कुठे? नारळाच्या शेंडीएवढे होते! पावसात भिजली की टाळू दिसायची! आणि हे तिचे?”

“अगं, मेलेल्या बाईला कशाला—”

“माझे आहेत हे! ही बट बघ. ही माझी बट आहे. माझ्या बापाकडून आलेली. हे माझे केस आहेत!”

कुंपणावरचा कोंबडाही उडून गेला. सिक्स्ताचं तोंड उघडं राहिलं. मग तिने हळूच केसांकडे पाहिलं, मग बेनिल्दाच्या डोक्यावरच्या आखूड, पिकलेल्या केसांकडे. “नांग,” ती म्हणाली, “म्हणजे वीस वर्षं तू स्वतःलाच शिव्या देत होतीस?”

क्लारिबेलने वही मिटली नाही, पण तिचा आवाज कचेरीतला झाला. “नांग बेनिल्दा, एका बाईचे केस दोन डोक्यांवर कसे असतील? मी वर तुमचं नाव लिहिलंय, शोकमातेच्या पानावर. आता इथेही? दोन्हीतलं एकच खरं असणार. कुठलं ठेवू ते तुम्ही सांगा.”

अंगणात ऊन चढलं होतं. बेनिल्दाला ते पान डोळ्यांसमोर दिसलं, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, खाली आपलं नाव. चर्चमध्ये बायका ते उघडून दाखवतील. औषधाच्या दुकानाची मालकीण गप्प बसेल. आणि इकडे ह्या केसांखाली, तिच्या आईने तेल लावलेल्या केसांखाली, सिक्स्ताच्या टक्कल पडलेल्या सासूचं नाव. कायमचं, छापून.

सासूचा तिला एवढा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

“वरचं खोड,” ती म्हणाली.

“नक्की? तिथे अख्खं पान आहे, नांग. इथे एकच ओळ आहे.”

“खोड म्हटलं ना. आणि इथे नीट लिही. बेनिल्दा गाबासा. आडनाव पूर्ण. आणि नवसाचे म्हणून लिही.”

“जागा नाही तेवढी.”

“मग सिक्स्ताचं नाव थोडं बारीक कर.”

“अगं ए!” सिक्स्ता म्हणाली.

क्लारिबेलने खोडलं, लिहिलं. मग पान उलटून परत मागे गेली. “मग शोकमातेचे कुणाचे लिहू? अम्पारो गेनोदेपांचे?”

बेनिल्दाने खाली वाकून कंगवा उचलला आणि फुंकर मारून त्यावरची माती उडवली. वाखाबद्दल बोलायचा मोह तिच्या ओठांपर्यंत आला. एक वाक्य, आणि शुक्रवारपर्यंत सगळं गाव हसलं असतं. मग तिला कपाळावरची ती दोन बोटांची पट्टी आठवली, मधूनमधून पांढरी.

“अम्पारोचे नाहीत,” ती म्हणाली. “लियोनोरचे आहेत. लियोनोर गेनोदेपाचे. मी डोळ्यांनी पाहिलेत.”

हे बोलताना आपण तिच्यावर उपकार केला की सूड घेतला, हे बेनिल्दाला कळलं नाही. गावात लियोनोरचे केस किती विरळ होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते खोटं नव्हतं.

शुक्रवारी मिरवणूक निघाली. पुढे कोंबड्यासह संत पेत्र, मग बाकीचे, मग मग्दालेना. तिचा गाडा म्हणजे ऊस वाहायची जुनी ट्रॉली, मोटारच्या बॅटरीवर चार दिवे. सिक्स्ताने रिबीन आणली होती, पण बेनिल्दाने ती बांधू दिली नव्हती. केस मोकळे होते. समुद्रावरून वारा यायचा आणि ते उचलायचा, आणि कडेला उभी राहिलेली माणसं आज पहिल्यांदाच शेवटच्या गाड्याची वाट न बघता ह्या गाड्याकडे बघत होती. “कुणाचे ग ते?” अशी कुजबुज तिच्या कानावर आली. तिने ऐकलं नाही असं दाखवलं आणि आणखी जरा ताठ झाली.

आजवर ती नेहमी शोकमातेच्या मागून चालायची, घुंघटावर डोळे रोखून. आज ती ट्रॉलीच्या कडेला हात ठेवून चालत होती, आणि मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. चौकातल्या वळणापर्यंत ते तिला जमलं.

वळणावर मिरवणूक वाकडी होते आणि पुढच्याला मागचा दिसतो. बेनिल्दाने वळून पाहिलं. दिव्यांच्या झगमगाटात शोकमाता येत होती, तिच्या पायाशी लियोनोर, काळ्या झग्यात, हातात मेणबत्ती. लियोनोरची नजर मूर्तीकडे नव्हती. ती मान लांब करून, पुढच्या सगळ्या डोक्यांवरून, वाऱ्यावर उडणाऱ्या त्या केसांकडे बघत होती. शाळेतल्या बाकावरून बघायची तशीच.

बेनिल्दाने मान फिरवली आणि ट्रॉली ढकलणाऱ्यांना म्हणाली, “जरा हळू चला रे. घाई काय आहे?”